सदऱ्यापुरते ऊन

सहाव्या दिवशी सकाळी वैजनाथच्या लक्षात आले, की आपल्याजवळ स्वच्छ असे आता काहीच उरलेले नाही. मन तेवढे होते. पण नुसते ते घालून न्याहारीच्या मंडपात जाता येत नाही.

पलंगावर, कालच्यासारखेच आजही, टॉवेलांचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसवलेले होते. नरसीच्या अलीकडे, हळदीच्या शेतांमधोमध वसलेल्या 'कयाधू-किनारा' या निसर्ग रिसॉर्टाची ती पद्धत होती. खोली झाडायला येणारी बाई रोज जुने हंस नेई, नवे मांडी आणि दोघांच्या मध्ये झेंडूच्या पाकळ्यांचा बदाम काढी. वैजनाथ त्या हंसांना हात लावत नसे. तो पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपे आणि आंघोळीनंतर घरून आणलेल्या पंचाने अंग पुसे. जोडी मोडण्याचे धैर्य त्याला होत नव्हते.

'सोळा दिवस, पंधरा रात्री, दोन व्यक्ती' हा मुक्काम त्याला बक्षीस म्हणून लागला होता. हिंगोलीच्या एका दुकानातून त्याने कपडे धुण्याची मशीन घेतली, पावतीसोबतची चिठ्ठी भरून पेटीत टाकली. त्याची नजर तिसऱ्या बक्षिसाच्या कुकरवर होती, आणि नशिबाने पहिले बक्षीस दिले. मशीन दाखवताना दुकानदाराने, "एकट्या माणसाला साडेपाच किलोची बास हाय, सात किलोची काहून घेऊन राहिले?" असे विचारले होते. वैजनाथ "असू द्या" म्हणाला होता. जिल्हा परिषदेत आवक-जावक लिपिक म्हणून बसणारा मनुष्य एवढ्याच शब्दांत बरेच आयुष्य काढू शकतो. ती मशीन आता घरी थर्माकोलच्या कवचात उभी होती, कारण बसवून देणारा कारागीर ज्या दिवशी येणार होता त्याच दिवशी मालकाचा मुक्काम सुरू झाला. मशीन घेतल्यामुळेच कपडे धुण्याची पंचाईत व्हावी, असा हा जिल्ह्यातला पहिलाच प्रसंग असावा.

घर सतरा किलोमीटरवर असताना हा गृहस्थ जाऊन चार कपडे का घेऊन आला नाही, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर कुपनाच्या पाठीवर बारीक अक्षरांत होते. कलम अकरा : 'विजेत्याने मुक्कामाच्या काळात मुख्य फाटक ओलांडल्यास मुक्काम संपला असे समजण्यात येईल.' दुसऱ्या कुणी हे कलम वाचलेही नसते. वैजनाथने वाचले, त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली, आणि पहिल्या दिवसापासून तो फाटकाच्या चार हात आतूनच फिरू लागला. संध्याकाळी तो मचाणावर चढे. तिथून हिंगोलीच्या मनोऱ्यावरचा तांबडा दिवा दिसत असे. सुट्टीवर येऊन स्वतःच्याच गावाकडे असे डोळे लावून बसणे शोभत नाही, हे त्याला कळत होते. पण त्या दिव्याखाली स्टेशन होते, आणि मंजुषा येईल तेव्हा बहुधा तिथेच उतरेल.

मंजुषा म्हणजे कुपनावरची दुसरी व्यक्ती. ती त्याची बायको, आणि गडहिंग्लजच्या एका बँकेत नोकरीला. लग्नाला सहा वर्षे होत आली होती आणि त्यांतले एकत्र काढलेले दिवस सगळे मिळून एखाद्या उन्हाळ्याएवढे भरले असते. ती पहिल्याच दिवशी यायची होती. पण एप्रिल सुरू होताच तिच्या शाखेत ऑडिट बसले, आणि ऑडिटला बसलेली माणसे काही उठेनात.

त्याहून अवघड गोष्ट निराळी होती. तिसऱ्या दिवशी फोनवर ती म्हणाली, "विनंती बदलीचे अर्ज सुरू झालेत. हिंगोलीच्या शाखेत एक जागा आहे. सोमवारी संध्याकाळपर्यंत भरायचा. नाही भरला तर परत तीन वर्षं इकडंच. काय करू?"

वैजनाथच्या छातीत 'ये' हा एकाक्षरी शब्द कितीतरी वर्षे उभा होता. तो गळ्यापर्यंत आला, तिथे नेहमीप्रमाणे थबकला, आणि त्याच्याऐवजी वैजनाथच्या तोंडून, "तुला योग्य वाटेल तसं कर," हे सभ्य वाक्य बाहेर पडले. पलीकडे बराच वेळ शिक्के मारल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"मला काय वाटतं ते मला ठाऊक आहे," मंजुषा शेवटी म्हणाली. "तुमच्या मनात काय आहे ते विचारून राहिले मी. मी नको असलेल्या घरी मला यायचं नाहीये. जाऊ द्या, समोर आल्यावर बोलू."

समोर आल्यावर तरी आपल्याला बोलता येईल, याची वैजनाथला खात्री नव्हती. म्हणून त्याने ते काम आपल्या पांढऱ्या सदऱ्यावर सोपवले.

हा सदरा साधा नव्हता. सहा वर्षांपूर्वी, माणसे एकमेकांपासून लांब उभी राहत त्या काळात, त्या दोघांनी निबंधकांच्या कार्यालयात पाच माणसांसमोर सह्या करून लग्न केले होते. मांडव नाही, पंगत नाही, हळद नाही; तोंडावर मुखपट्टी आणि हातांना औषधाचा वास. बाहेर आल्यावर मंजुषा म्हणाली होती, "हा शर्ट जपून ठेवा. तुमचं तोंड तर दिसलंच नाही, लग्न याच्याशीच लागलंय माझं." त्या दिवसापासून वैजनाथच्या मनाने घेतले होते, की त्या सदऱ्यात आपण असलो की आपल्याला वेगळे बोलावे लागत नाही.

मात्र या मुक्कामात तो सदरा चार वेळा अंगावर चढला, चार वेळा फाटकापासून चार हातांवर उभा राहिला, आणि चारही वेळा 'उद्या नक्की' हा निरोप ऐकून परतला. एप्रिलचे ऊन, रस्त्याची धूळ आणि प्रतीक्षा, या तिन्ही गोष्टींचा घाम येतो. शुक्रवारी सकाळी 'रविवारी येते' असा नवा निरोप आला तेव्हा कॉलरची आतली बाजू चहाच्या फडक्यासारखी झाली होती.

तो सदरा वर्तमानपत्रात गुंडाळून वैजनाथ व्यवस्थापकांकडे गेला. व्यवस्थापकाचे नाव प्रेमानंद. टाय बांधून, टेबलावरच्या घंटीमागे तो अतिशय गांभीर्याने बसत असे.

"लाँड्रीची गाडी गुरुवारला येते सर," प्रेमानंद म्हणाला.

"आज शुक्रवार आहे."

"व्हय. म्हणजे कालच येऊन गेली. येत्या गुरुवारला देतो ना. चार दिसांत कपडे वापस."

वैजनाथने बोटांवर हिशेब केला. "तो तर माझा शेवटचा दिवस."

"मग बराबर जमतंय. जाताना स्वच्छ घालून जाताल."

"आणि मी स्वतःच धुतले तर?"

प्रेमानंदने मागच्या पाटीकडे पेन दाखवले : 'परिसरात कपडे वाळत घालू नयेत. निसर्गसौंदर्यास बाधा येते.' मग तो आश्वासक स्वरात म्हणाला, "धुवायला मनाई न्हाई सर. फकस्त वाळत घालायला हाय."

या वाक्याची रचना वैजनाथला मनोमन आवडली. कार्यालयात असे मसुदे करणारे फार थोडे उरले होते. त्याने बादली मागितली, कारण खोलीत डोक्यावर पाऊस पाडणारी तोटी होती, पाठीवर फवारे मारणारी भोके होती, पण बादली आणि तांब्या नव्हता. आणि बादलीवाचून मराठी माणूस ओला होऊ शकतो, त्याची आंघोळ मात्र होत नाही. बादलीसाठी फॉर्म होता. त्यात 'प्रयोजन' असा रकाना होता. वैजनाथने 'वैयक्तिक' असे लिहिले. या शब्दापुढे कुठलेही कार्यालय चौकशी करत नाही, हे त्याला अनुभवाने माहीत होते.

बादली घेऊन परतताना शेजारच्या खोलीच्या ओसरीवर पुनमचंद शेठ भेटले. शेठजींचे सेनगावात चाळीस वर्षे कापडाचे दुकान होते. डॉक्टरांनी त्यांना महिनाभर शांत राहायला सांगितल्यामुळे ते इथे आले होते, आणि शांत राहण्यासाठी सतत कुणीतरी बोलायला लागत असल्यामुळे वाटेवरच बसत. त्यांनी वर्तमानपत्र उलगडून सदरा दोन बोटांत चोळला.

"पॉपलीन," ते म्हणाले. "आमच्याकडचं असतं तर कॉलर अशी बसली नसती. बरं, ऐका. एकटा शर्ट धुऊ नका. सगळे कपडे संगट भिजवा. बादलीत वजन पाहिजे. वजनाबिगर मळ निघत न्हाई."

चाळीस वर्षांच्या अनुभवाला नाही म्हणणे वैजनाथच्या स्वभावात नव्हते. त्याने आणलेले यच्चयावत कपडे भिजवले, अंगावरचेदेखील, आणि त्यानंतर त्याला कळले की आता अंगावर घालायला खुंटीवरचा रिसॉर्टाचा झगा तेवढा आहे. झगा टॉवेलाच्या कापडाचा होता, गुडघ्यांशी संपत होता आणि पाठीवर बगळ्याचे चित्र होते. त्या झग्यात बसून वैजनाथने कॉलर तासभर घासली. सदरा स्वच्छ निघाला. ओला, पांढरा आणि काही सांगू पाहणारा.

पण तो वाळवायचा कुठे?

बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन होते. ज्या जिल्ह्यात दुसरे काही नसले तरी ऊन अमाप आहे, त्या जिल्ह्यात एका नोकरदार माणसाला एका सदऱ्यापुरते कायदेशीर ऊन मिळू नये, हा दैवाचा विनोद वैजनाथला त्या क्षणी कळला नाही. त्याने झाड पाहिले. त्याखाली 'परिसर' होता. मचाण पाहिले, तेही परिसरातच. अखेर भरलेली बादली उचलून तो रिसॉर्टाच्या मागच्या तारेच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला.

कुंपणापलीकडे हळदीचे खळे होते. मोठ्या कुकरातून वाफ निघत होती, शिजलेली हळद जमिनीवर दूरवर पसरली होती, आणि एका ट्रॅक्टरला जोडलेला पॉलिशचा ढोल स्वस्थ पडला होता. जवळच्या तांड्यावरच्या बायका हळद उलटत होत्या. त्यांची मुकादम भिकाबाई. तिने आधी झग्याकडे, मग बादलीकडे पाहिले.

"काय पायजे, सायेब?"

"दोरी आहे का तुमच्याकडं? कपडे वाळत घालायचे होते. इकडं मनाई आहे."

"उन्हाला मनाई?"

"उन्हाला नाही. कपड्यांना."

"मंग या की इकडं. टाका बाभळीवर."

"मला येता येत नाही."

"काहून? पाय दुखून राह्यले?"

"नियम आहे," वैजनाथ म्हणाला. "बाहेर पाऊल टाकलं की मुक्काम संपतो."

भिकाबाईने मागे वळून बायकांना सांगितले, "ह्यो मानूस तुरुंगात हाय गं."

"तसं नाही. बक्षीस लागलंय मला."

"बक्षिसात तुरुंग लागला त्याला," भिकाबाईने दुरुस्ती केली, आणि कुंपणावरून हात पुढे केला.

वैजनाथ क्षणभर थांबला. कलम अकरामध्ये विजेत्याचा उल्लेख होता, फाटकाचा होता. विजेत्याच्या कपड्यांनी कुंपण ओलांडण्याविषयी ते संपूर्ण मौन होते. तेव्हा त्याने शांत चित्ताने एकेक वस्त्र पलीकडे सुपूर्द केले. सदरा शेवटी दिला, दोन्ही हातांनी.

"ह्याला लई जपून द्यायले," भिकाबाई म्हणाली. "मालकीन येनार व्हय?"

"रविवारी."

"कुठं असती?"

"लांब. नोकरी आहे तिची."

भिकाबाईने सदरा झटकून बाभळीच्या दोरीवर टाकला आणि ट्रॅक्टरवर डोळे मिटून बसलेल्या माणसाकडे हनुवटीने खूण केली. "ह्यो आमचा मानूस, हरिचंद. सकाळधरनं तिथं हाय. दिवाळीपासनं माज्याशी धा शब्द बोलला नसंल."

"मग त्यांच्या मनातलं तुम्हाला कळतं कसं?"

"कळाया काय लागतं?" ती म्हणाली. "समोर हाय ना."

वैजनाथ झग्याचा पट्टा आवळत परत आला. ते तीन शब्द त्याच्याबरोबर आले. मंडपात डाळ-बट्टी होती, ती त्याला गेली नाही. सहा वर्षांत आपण फोनवर हजारो शब्द बोललो असू, आणि त्या सगळ्यांची बेरीज केली तरी एका ट्रॅक्टरवर डोळे मिटून बसण्याइतकी होत नाही, असे काहीसे त्याच्या मनात आले. नेमक्या त्याच वेळी मागच्या बाजूला धडधड सुरू झाली.

हरिचंदने डोळे उघडले होते आणि ढोल चालू केला होता.

हळदीचा ढोल फिरू लागला की वाळल्या कांड्या एकमेकींवर घासतात, त्यांची साल निघते आणि पिवळ्या धुळीचा मोठा ढग उठतो. हा ढग एरवी शेतावर जातो. त्या दिवशी नदीकडून वारा आला. मंडपातून वैजनाथने पाहिले, की सोन्यासारखा एक पडदा हळूहळू उलगडत बाभळीकडे चालला आहे, आणि दृश्य इतके देखणे होते की धावायला त्याला क्षणभर उशीर झाला. मग तो धावला. बगळ्याचा झगा, एका पायात चप्पल, आणि समोर बसलेल्या दोन कुटुंबांची माना वळवण्याची सभ्य धडपड. या सगळ्याची आठवण पुढे कितीतरी दिवस त्याला बसल्या जागी चटका देऊन जाई.

भिकाबाईने कपडे गोळा करून आणले तेव्हा पंचा, विजारी, बनियनसुद्धा पिवळे झाले होते. पण ओला आणि पांढरा असल्यामुळे हळद खरी चढली होती ती सदऱ्यावर.

"म्हनलं त्याला थांब म्हनून," ती म्हणाली. "घ्या. अन् ऐका, ह्याला साबन लावू नका. नुसता उन्हात राहू द्या. ऊन हळद खातं."

हा सल्ला योग्य होता. दुर्दैवाने परतीच्या वाटेवर पुनमचंद शेठ होते.

"ऊन?" शेठजी म्हणाले. "ती बाई हळदीतली, मी कापडातला. मला सांगा, डाग कापडाला लागला का हळदीला?"

"कापडाला."

"मग विषय कोणाचा?"

प्रश्न अधिकारक्षेत्राचा होता, आणि अधिकारक्षेत्राचा प्रश्न आला की वैजनाथची विचारशक्ती वरिष्ठांच्या स्वाधीन होई. शेठजींनी आपल्याकडचा साबण दिला, वर चिमूटभर सोडा दिला. वैजनाथने सदरा बादलीत बुडवून साबण लावला, आणि हाताखालचा पिवळा रंग पाहता पाहता लालभडक झाला.

हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे घराघरातल्या बायकांना माहीत असते. वैजनाथ एकटा राहणारा मनुष्य. तो घाबरला, त्याने पाणी ओतून दिले, पुन्हा साबण लावला, पुन्हा ओतले. आणि ते तांबडे पाणी मोरीतून बाहेरच्या गुलाबांच्या आळ्यात गेले, जिथे खोली झाडणारी बाई उभी होती. तिने केलेला बोभाटा नदीपर्यंत गेला असावा.

प्रेमानंद औषधांची पेटी घेऊन दारात आला. त्याचा टाय खांद्यावर गेला होता.

"सर, कुठं लागलं?"

"लागलं नाही. हळद आहे."

"हळद पिवळी असते सर." त्याने पलंगावरच्या हंसांकडे पाहिले, वैजनाथच्या झग्याकडे पाहिले, आणि आवाज खाली आणला. "मॅडमसंगं काही झालं का? एकट्या माणसाकडं आमाला जास्ती लक्ष द्यावं लागतं. मनात काही असलं तर बोलून टाका."

मनात जे होते ते बोलून टाकण्याची शिफारस त्या आठवड्यात वैजनाथला दुसऱ्यांदा होत होती. तो "काही नाही" म्हणाला. तरीही प्रेमानंदने अपघाताच्या नोंदीचा फॉर्म भरून घेतला. 'इजा झालेली व्यक्ती' या रकान्यात बऱ्याच चर्चेनंतर 'सदरा' असे लिहावे लागले.

संध्याकाळी वैजनाथ पुन्हा कुंपणाशी उभा होता. लाल सदरा पाहून भिकाबाई पोट धरून हसली आणि बाकीच्या बायकांनाही तिने बोलावून दाखवला. हसून झाल्यावर म्हणाली, "लिंबू पिळा. वापस पिवळा व्हईल. मंग उद्या दिवसभर उन्हात. दिवस बुडायला पांढरा."

स्वयंपाकघरातून आणलेल्या सहा लिंबांनी काम केले. लाल रंग उतरला आणि सदरा सगळीकडून सारखा, मऊ पिवळा झाला. कुठे डाग म्हणून दाखवता येऊ नये इतका. वैजनाथने हिशेब मांडला : शनिवारचे ऊन, रविवारी मंजुषा, सोमवारी अर्ज. त्यात कुठेही चूक नव्हती. फक्त ऑडिटला बसलेली माणसे शुक्रवारी दुपारीच उठली होती, हे त्याला माहीत नव्हते.

शनिवारी सकाळी आठ वाजता निरोप आला. 'काल दुपारीच सुटले. रातोरात निघाले. नरसीच्या रस्त्यावर ऑटोत आहे. दहा मिनिटं.'

बाकीचे कपडे पिवळे, सदरा पिवळा, आणि झग्यावर बगळा. वैजनाथला निवडीला फारसा वाव नव्हता. त्याने पिवळी विजार चढवली, अजून थोडा दमट असलेला सदरा अंगात घातला, आरशात पाहण्याचे टाळले आणि फाटकापासून चार हातांवर जाऊन उभा राहिला. ज्या सदऱ्याने बोलायचे होते त्याचा आवाजच बसला होता, असे त्याला वाटत होते.

ऑटो थांबला. मंजुषा उतरली. प्रवासाने चेहरा उतरलेला, केस विस्कटलेले, खांद्यावर एकच पिशवी. ती फाटकाशी आली आणि तिथेच थांबून बघत राहिली. त्याच वेळी रस्त्याने खळ्याकडे निघालेल्या बायका आल्या, आणि पुढे भिकाबाई.

"बघा गं," भिकाबाई म्हणाली. "नवरदेव हळद लावून उभा हाय, अन् नवरी आता येऊन राह्यली."

बायका हसल्या. मंजुषा हसली नाही. तिने बारकाईने कॉलर पाहिली, खिशाची शिवण पाहिली.

"तोच का हा?"

"तोच."

"हळद कोणी लावली?"

"हरिचंदनं," वैजनाथ म्हणाला. "ट्रॅक्टरनं."

मग मंजुषा हसली, हसता हसता तिने फाटकाचा गज धरला, आणि डोळे पुसताना म्हणाली, "आपल्या लग्नात राहूनच गेली होती." ते वाक्य ती जरा हळू बोलली. लग्नाच्या दिवशी मुखपट्टीच्या वर तिचे जे दोन डोळे त्याला दिसले होते, तेच तिने आता त्याच्याकडे लावले. "तिथंच काय उभे? पिशवी तरी घ्याल की नाही?"

छातीतला तो एकाक्षरी शब्द पुन्हा गळ्यापर्यंत आला. पण वैजनाथच्या ध्यानात आले, की फाटकाच्या आत उभे राहून 'ये' म्हटले, तर ते फक्त उरलेल्या नऊ दिवसांपुरते होईल. त्याने खाली फाटकाच्या लोखंडी पट्टीकडे पाहिले. आयुष्यात त्याने पुष्कळ कलमे पाळली होती. त्याने फाटक लोटले, पट्टी ओलांडली, आणि तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली.

"सर, कलम अकरा—" मागून प्रेमानंद पळत आला.

"माहीत आहे," वैजनाथ म्हणाला. मग मंजुषाला म्हणाला, "चल."

"कुठं? आत्ताच तर आले."

"घरी. मशीन घेतलीये मी कपड्यांची. सात किलोची."

"एकट्याला सात किलोची?"

"एकट्याची नाही ती." त्याचे कान तापले होते, पण एकदा बाहेर पडलेले पाऊल आत घेता येत नव्हते. "मंजू, अर्ज भर. तू ये."

मग भिकाबाईने आपल्या बायकांना, "चला गं, हळद वाट बघती," असे म्हणून पुढे हाकलले. मंजुषा अजून त्याच्याकडेच बघत होती.

"एवढं फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"फोनवर शर्ट दिसत नाही," वैजनाथ म्हणाला.

सामान उचलायला प्रेमानंदने दहा मिनिटे दिली. मंजुषाने खोलीत शिरताच तोंड धुतले, पलंगावरच्या एका हंसाला मान धरून उचलले आणि खसाखसा तोंड पुसले. दुसरा तिने वैजनाथच्या हातात दिला, कारण त्याच्या कपाळावर घाम होता. जाताना शेवटचा फॉर्म आला. 'मुदतीपूर्वी मुक्काम सोडण्याचे कारण'. वैजनाथचे पेन सवयीने 'वै'पाशी गेले, थांबले, आणि त्याने ते खोडून 'बायको आली' असे स्वच्छ अक्षरांत लिहिले.

"लोक बायको आल्यावर राहतेत सर," प्रेमानंद खिन्नपणे म्हणाला. ओसरीवरून पुनमचंद शेठांनी हात वर केला. "मशीनमंदी वजन पाहिजे बरं का. अर्धी चालवू नका."

अर्धी चालवावी लागली नाही. सोमवारी दुपारी कारागीर येऊन गेला, आणि दोघांचे कपडे, चादरी, पडदे, प्रवासातली पिशवीसुद्धा घालून मंजुषाने मशीन गच्च भरली. वैजनाथ धुतलेले पिळे घेऊन गच्चीवर चढला तेव्हा ती टाकीच्या सावलीत बसून फोनवर काही भरत होती. रकाना संपला की ती ओठ मिटून विचार करी. थोड्या वेळाने तिने अंगठा दाबला आणि फोन उलटा ठेवला.

"गेला," ती म्हणाली.

वैजनाथने मान हलवली. आवक-जावक विभागात त्याने हजारो अर्ज पुढे पाठवले होते. पण त्यांतला एकही त्याच्या स्वतःच्या घराकडे येणारा नव्हता. तो दोरीकडे वळला. सकाळी त्याने तो सदरा स्वतः तिथे, कडक उन्हात, पहिल्या नंबरावर टाकला होता. तिथे आता दोन रिकामे चिमटे होते.

"शर्ट कुठं गेला?"

"काढला मी. कपाटात ठेवलाय, खालच्या कप्प्यात."

"अगं, पण अजून पांढरा झाला नव्हता. संध्याकाळपर्यंतचं ऊन लागतं त्याला."

"म्हणूनच काढला," मंजुषा म्हणाली, आणि दोरीवरचे ते दोन चिमटे काढून तिने आपल्या ओल्या साडीला लावले.